घाटाखालचं वजन

"पाटा-वरवंटा घेऊन घाट चढणार म्हणे! अक्कल गहाण ठेवलीय मेल्यांनी," शेजारून चाललेल्या मोटारघराकडे बघत शेषराव आपल्या मोटारघरातल्या खुर्चीतूनच फिस्कारले. "टाकी अर्धी ठेवा, अडगळ काढा, सांगून सांगून घसा सुकला."

घाटाच्या पायथ्याशी प्रत्येक मोटारघर स्वतःच स्वतःचं वजन करायचं आणि जास्त भरलं तर बिनकामाची वस्तू हुडकून बाहेर काढायचं.

"पाटा आपल्याकडेही आहे," त्यांची बायको इंदुमती कणीक मळता मळता म्हणाली. "रोज चटणी वाटते मी त्यावर."

"तूही त्यातलीच!"

तेवढ्यात घर थांबलं. "वजन जास्त आहे," ते म्हणालं. "वर्षभर नुसती पडून असलेली एक जड वस्तू सापडली आहे. उतरवू?"

"त्यात विचारायचं काय? फेकून दे!" शेषराव खेकसले.

दार उघडलं आणि खुर्ची शेषरावांसकट रस्त्यावर गेली. घर घाटाला लागलं, तेव्हा इंदुमतीने पिठाच्या हातांनीच खिडकीतून त्यांच्या चपला टाकल्या.