परतीची तारीख

विमान बदलायला धनंजयला मधल्या एका देशात मुक्काम करायचा होता. पुढचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं दाखवल्याशिवाय तिथे थांबू देत नाहीत, असं एजंटने बजावलं होतं. पुढचं तिकीट खरं होतं. परतीचं एजंटने नुसतं दाखवण्यापुरतं काढून दिलं होतं. उद्या ते आपोआप रद्द होणार होतं. आपण परत कधी येऊ, हे खुद्द धनंजयलाही ठाऊक नव्हतं.

नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी नेमकी त्याच कागदावर थांबली. धनंजयचा शर्ट पाठीला चिकटला.

"अठरा नोव्हेंबरला परत. तारीख पक्की आहे ना?"

"हो मॅडम, पक्की."

तिने आणखी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोर्डिंग पास पुढे सरकवला. बाजूला होऊन त्याने शहापूरला घरी फोन लावला.

"आई, झालं. सोडलं मले."

"सोडतीन नाही त काय! तू काय चोर हायेस?" आई हसली. "सारे कागद बराबर होते. शेजारच्या टीनानं वाचून दाखवले मले. आन आयक, तुह्या बाबानं सांगून ठेवलं हाये, अवंदा नव्या धानाचा भात तू आल्यावरच रांधायचा. तवरी घरात कोनी नवं खानार नाही. अठरा नोव्हेंबर. तारीख पक्की हाये ना रे?"