सहाव्या फेरीतलं नाव

“पाठवा रे त्याला आत. एकदा तरी पाठवा,” वॉल्ट गॅरेजमधल्या टीव्हीला म्हणाला. दुपारी एक वाजल्यापासून तो हेच म्हणत होता.

पडद्यावर त्याचा धाकटा मुलगा ब्रोडी मैदानाच्या कडेला उभा होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, टोपी होती. अमेरिकन फुटबॉलचा मोसम सप्टेंबरात सुरू होण्याआधीचा, ऑगस्टमधला हा शेवटचा सराव सामना. मंगळवारी संघ त्रेपन्न माणसं ठेवणार आणि बाकीच्यांना फोन करून घरी पाठवणार. ब्रोडी असा दोनदा घरी आला होता. तिसऱ्यांदा आला, तर फुटबॉल बंद आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात नोकरी, असा शब्द त्यानं बायकोला, कोरीनला दिला होता. तिनं तो मागितला नव्हता.

कोरीन गॅरेजच्या दारापाशी बसली होती. मांडीवर सात महिन्यांची एल्सी. दात येत होते म्हणून कोरीन मधूनमधून तिच्या कपाळाला हात लावून बघे, आणि पुन्हा टीव्हीकडे.

वॉल्टकडे दरवर्षी याच शनिवारी आठ नातेवाईक जमत. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकानं दर फेरीला एक नाव घेत आपला कागदावरचा संघ निवडायचा. मग जानेवारीपर्यंत ते खेळाडू मैदानात जे करतील, त्याचे गुण आपले. नाव छापलेली पट्टी फळ्यावर चिकटवली की निवड पक्की. ब्रोडीच्या नावाची पट्टी कधीच छापलेली नसे. शेवटच्या फेरीत, घेण्याजोगं कुणी उरलं नसताना, वॉल्ट ती मार्करनं लिहायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. मंगळवारी फोन आला की तो ती पट्टी काढून फ्रीजच्या दारावर लावायचा. तिथं दोन पट्ट्या होत्या.

पहिल्या फेरीत वॉल्टच्या थोरल्या मुलानं, ट्रेंटनं, चेंडू घेऊन धावणारा देशातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू उचलला होता.

“हा तर महिनाभरात एकदाही मैदानात दिसला नाही,” डोलोरेस आत्या मक्याचं कणीस सोलत म्हणाली.

“आत्या, ज्याची सप्टेंबरात गरज आहे, त्याला ऑगस्टात कोण धाववतं? उगाच पाय मोडून घ्यायचा? हे सामने बघूच नयेत. यात धावतात ती जागेसाठी धडपडणारी पोरं.” एवढं बोलून ट्रेंट थांबला. बापाकडे न बघता त्यानं शीतपेटीतून बाटली काढली.

दोन वर्षांपूर्वी याच सामन्यात ब्रोडीनं दोनदा गोल रेषा ओलांडली होती. वॉल्टनं आत्याला धरून नाचवलं होतं, मोहरीची बाटली सांडली होती. मंगळवारी फोन आला. गेल्या वर्षी ब्रोडी शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून धावला. पुन्हा मंगळवारी फोन. आणि यंदा चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाला तरी त्याला कुणी हाक मारली नव्हती. वॉल्टनं जाळीवरचे सॉसेज उलटायचे सोडून दिले होते. एक बाजू काळी पडत चालली होती.

सहावी फेरी. कोरीनची पाळी.

“ब्रोडी,” ती म्हणाली.

“अगं, अजून नऊ फेऱ्या आहेत,” ट्रेंट हसला. “शेवटी घे. कोण पळवून नेतंय त्याला?”

“आत्ताच घेतेय.”

ट्रेंट तिच्या खुर्चीजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “कोरीन, नको. डॅडला यंदा ती पट्टी लिहायला लावू नकोस. संघानं पोराला आतसुद्धा सोडलं नाही. काय ते समजून घे ना.”

कोरीननं बाळाच्या पिशवीतून डायपरच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला आणि ट्रेंटच्या हातात दिला.

यंदाच्या सामन्यांत ब्रोडी किती खेळला, ते तिनं त्यावर टिपलं होतं. ट्रेंटनं वाचलं. पहिला सामना, शेवटपर्यंत धावला. दुसरा सामना, सुरुवातीची दहाच मिनिटं, मोठ्या खेळाडूंबरोबर. तिसऱ्यापुढे जागा कोरी होती.

“आत्ता मैदानात कोण धावतंय?” तिनं विचारलं.

“बावीस नंबर. कोण आहे कुणास ठाऊक.”

“गेल्या वर्षी या वेळी तिथं ब्रोडी होता. त्याच्या आदल्या वर्षीही तोच. आणि टोप्या घालून कडेला कोण उभं होतं?”

पडद्यावर कॅमेरा टोप्यांच्या रांगेवरून सरकत गेला. त्या रांगेतले चार जण पहिल्या पाच फेऱ्यांतच फळ्यावर गेले होते. ब्रोडी त्यांच्या मधोमध उभा होता, सूर्यफुलाच्या बिया चघळत.

“तूच म्हणालास ना, ट्रेंट,” कोरीन म्हणाली, “ज्याची गरज आहे त्याला ऑगस्टात कोण धाववतं?”

आत्यानं कणीस खाली ठेवलं.

वॉल्ट उठला. मार्कर घेऊन त्यानं नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, आणि पट्टी सहाव्या ओळीत चिकटवली. अंगठ्यानं दोनदा दाबली.

सामन्याची दोन मिनिटं उरली होती. बावीस नंबर लंगडत बाहेर आला. प्रशिक्षक टोपीवाल्यांच्या रांगेकडे वळला.

वॉल्ट टीव्हीच्या अगदी जवळ गेला आणि पडद्यावर आडवा हात धरला.

“नको रे,” तो म्हणाला. “राहू द्या त्याला बाहेर.”