राहीचा वाटा

गाडी दाराशी लागली तशी राहीने येसाजीचा पटका स्वतःच्या हाताने सारखा केला. आज तो अलिबागला जाऊन आपली अर्धी पेन्शन सरकारला विकणार होता. दरमहा निम्मेच पैसे येणार, पण उरलेल्या निम्म्याबद्दल एकरकमी ऐवज हाती पडणार. त्यातून विहिरीलगतची सुपारीची वाडी राहीच्या नावावर व्हायची होती.

"डागदर तपासनार म्हनं," येसाजी म्हणाला. "गडी धट्टाकट्टा असला तरच इकाया देतात."

"तपासू दे की. तुमच्यावानी गडी साऱ्या चौलात न्हाय."

पेन्शन विकायचा राहीचा हट्ट अगदीच खोटा नव्हता. पेन्शन माणसाच्या श्वासाला बांधलेली. श्वास सरला की सरकारही सरले. धाकट्या सवतीला, रंगूला, मुलगा होता, उद्या तो तिला बघेल. राहीला ना मूल, ना माहेर. पण खरे सांगायचे तर वाडी हे निमित्त होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली येसाजी मीठ खात्यातल्या जमादारीतून निवृत्त होऊन घरी आला, तेव्हापासून पेन्शन जाई ती थेट खालच्या घरात, रंगूच्या हाती. रंगू त्यातून राहीला तांदूळ धाडी आणि वर विचारी, "बाय, पुरलं का?" त्या विचारण्याने राहीच्या अंगाचा तिळपापड होई. सवतीने छळावे, ते रीतीला धरून झाले. सवतीने विचारपूस करावी म्हणजे काय!

येसाजी दुपारी राहीकडे जेवी आणि दिवे लागायच्या आत खाली उतरे. जेवल्यावर कधी लवंडत नसे, खांबाला टेकून ताठ बसे. राहीला वाटे, जायची घाई.

तो गाडीत चढणार एवढ्यात रंगू पाणंदीने धावत वर आली. पदराखाली काहीतरी होते.

"आलीस?" राही म्हणाली. "निम्मा पैका हातचा जातोय म्हनून जीव वर आला व्हय गो तुजा?"

रंगूने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "जाताच हाव, तर येवढं तरी न्या," ती येसाजीला म्हणाली आणि पदराखालची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती घाईघाईने कोटाच्या खिशात लपवली. लपवली म्हणूनच ती राहीच्या डोळ्यांत भरली.

"काय हाय त्ये?"

भिकू गाडीवान उगाच बैलाची पाठ थोपटू लागला.

"अडुळशाचा काढा हाय, बाय," शेवटी रंगूच म्हणाली. "गेल्या शिमग्यापासनं ह्यांना रातचं आडवं व्हता येत न्हाय. आडवं झालं की खोकला. मी उशा लावून बसवून ठेवतंय, तवा पहाटंला डोळा लागतो. तो डागदर कसा पास करंल?"

राहीला हसू आले. "माज्या घरात तर कदी खोकले न्हाईत!"

येसाजी आपल्या वहाणांकडे बघत होता. "डागदरासमोर खोकला धरीन की घटकाभर," तो म्हणाला. "तुज्यासमोर धरतो तसा."

"माज्यासमोर?"

"तू म्हनतीस, तुमच्यावानी गडी न्हाय. मग कसा खोकनार?"

राही गाडीचा दांडा धरून उभी राहिली. रात्री रंगूच्या झाल्या, त्या तिने सोसल्या. मुलगा रंगूचा झाला, तोही सोसला. बारशाला घुगऱ्यासुद्धा वाटल्या. पण हा खोकला? तिचा नवरा म्हातारा झाला होता, आणि तोही दुसरीच्या घरात. वाडीचे, डॉक्टरचे तिला काहीच आठवेना. आयुष्यात कधी जळली नव्हती इतकी ती त्या खोकल्यावर जळली.

"भिकू," ती म्हणाली, "बैल सोड."

"आनि वाडी?" येसाजीने विचारले.

"वाडी ऱ्हाऊ दे. ओटीवर चला." तिने त्याच्या डोक्यावरचा पटका काढून ओटीवरच्या खुंटीला अडकवला. "आज रातीला हितं निजायचं. आनि खोकायचं."

येसाजी ओटीवर बसला. पहिल्यांदा त्याने घसा नुसताच साफ केला, चोरट्यासारखा. मग मात्र खोकला आला तो आवरेना. त्याचा आवाज पार विहिरीपर्यंत गेला. राही हलली नाही. तो थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.

रंगू पाठ फिरवून पाणंदीला लागली होती.

"रंगू," राहीने मागून हाक मारली. "उशा किती लागतात गो?"

"तीन, बाय."

"माज्याकडं येकच हाय," राही म्हणाली. "दोन धाड."