वरचा फोटो

स्त्रीजातीच्या इतिहासातली सर्वांत मोठी क्रांती फ्लेक्सच्या मशीनमधून इंच इंच बाहेर येत होती. 'साखर उतरवा, कंबर उतरवा, आयुष्य उंचवा!' हे तिचं घोषवाक्य. त्यातल्या 'आयुष्या'वरून शाईचा एक थेंब ओघळला होता. ढब्बूने तो चिंधीने हलकेच टिपला.

ढब्बू छपाईच्या दुकानात मशीन सांभाळायची. हे टोपणनाव लहानपणापासूनचं. ते सुचायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. पण परवा डॉक्टर तिच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून "साखर अगदी ताळ्यावर आली" म्हणाले, तेव्हा आईने घरात फर्मान काढलं, की यापुढे पोरीला कुणी ढब्बू म्हणायचं नाही. आई स्वतःच रोज दोनदा चुकत होती, तो भाग वेगळा.

घोषवाक्याखाली 'आधी' हा शब्द आला. मग केस, कपाळ आणि मग ढब्बूचेच डोळे. तिला हसू फुटलं. ताईंनी न विचारता आपला फोटो घेतला तर! पण ताईंना सगळं माफ होतं. त्यांच्या वजन उतरवण्याच्या वर्गात पहिल्या दिवशी ती रडली, तेव्हा ताईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता खाली 'नंतर' येणार, त्यातही आपणच असणार.

तेवढ्यात हनुवटीखालून हिरवा ड्रेस बाहेर आला, आणि तिचं हसू तिथेच थिजलं.

तो ड्रेस आईने दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला होता, वर्गाच्या शेवटच्या दिवसासाठी. त्या दिवशी ताईंनी स्वतः तिचा फोटो काढला होता. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

'नंतर'खाली एक काटकुळी मुलगी आली. बत्तीशी दाखवत. वर्गात तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मालककाका चष्मा सावरत डोकावले. "रंग झकास आलाय. ही वरची तुझ्यासारखी दिसते गं."

"मीच आहे, काका."

"अरे वा! आणि ही खालची?"

"ठाऊक नाही."

काकांना एकदम बाहेर कुणीतरी बोलावल्यासारखं वाटलं. ते गेले.

फ्लेक्स जमिनीवर वाळत घातला होता, तेव्हा ताई आल्या.

"अगंबाई, तू इथे असतेस?" पहिल्या भेटीत त्यांनी तिची झोप, भूक, पाळी, सगळं खोदून विचारलं होतं. नोकरीबद्दल मात्र, ती बसून असते की उभ्याने, एवढंच.

"ताई, हा माझा 'नंतर'चा फोटो आहे. तुम्हीच काढलेला."

"हो गं राणी. पण तुझ्या 'आधी'च्या फोटोत तू इतकी रडवेली, की बघणाऱ्या पोरी दारातूनच पळतील."

"मग हा खाली लावायचा ना."

"लावला होता," ताईंनी आवाज मऊ केला. "दोघीतिघींना दाखवला. त्या म्हणाल्या, ही सुरुवात कधी करणार? आता बोल!"

"पण माझी साखर..."

"उतरली ना! मला काय कौतुक नाही? पण साखर फोटोत दिसते का, सोन्या?"

ढब्बू आपल्याच हिरव्या फोटोकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "निदान माझ्यावरचा तो शब्द काढा. मी लगेच नवा छापते. काकांना मी सांगेन."

ताईंनी फ्लेक्सकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. सुस्कारा सोडून त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

"एक करशील माझ्यासाठी?"

"सांगा ना, ताई."

"जरा अलीकडे सरक. 'नंतर'वर तुझी सावली पडतेय."