मौनीबाबांना बोलतं करा

परभाषिक वाचकांना आपलंसं कसं करावं, याचं प्रशिक्षण घेऊन वाचनालयातली ताई परतली, तेव्हा साहेबांनी रोखठोक सांगितलं, "त्या कोपऱ्यातल्या मौनीबाबांना बोलतं कर. जमलं तर बढती तुझी, नाहीतर आहेच परत पुस्तकांवरची धूळ."

मौनीबाबा म्हणजे परमुलखातून आलेले आजोबा. दार उघडायच्या आधी हजर, आणि कुणी काही विचारलं की नुसती मान डोलावणार. ताईने त्यांची भाषा इतकी घोकली की नवरा वैतागून म्हणाला, "अगं, झोपेत कुणाचं स्वागत करतेस?"

शेवटी एका सकाळी ती खुर्ची ओढून आजोबांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या भाषेत, एकही चूक न करता म्हणाली, "आजोबा, आता मनात काही ठेवू नका. हे तुमचंच घर समजा."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पेपरची घडी घातली, काठी उचलली आणि ताईच्या भाषेत, तेही अस्खलित, विचारलं,


"पोरी, ही भाषा आमची बायको घरी दिवसभर बोलते. ती भाषा कुणालाच येत नाही असं दुसरं वाचनालय जवळपास कुठे आहे गं?"