काजळाची तीट

कोल्हापुरात मोटारशर्यतींची पोस्टरं मी हातानं रंगवायचो. रंग ओला असतानाच बायको प्रत्येक ड्रायव्हरच्या गालावर गुपचूप काजळाची तीट लावायची, मी हसायचो. वडगावच्या माळावरचा ट्रॅक बंद पडेपर्यंत आमच्या पोस्टरवरचा एकही माणूस दगावला नाही. बायको मात्र चार महिन्यांपूर्वी गेली. आज ट्रॅक पुन्हा सुरू होतोय. लेक शर्यतीत उतरतेय, फाटकावर तिचंच पोस्टर आहे. तीट लावायची राहिल्याचं सकाळी लक्षात आलं. बायकोची काजळाची डबी घेऊन मी धावत आलो, वाळलेल्या रंगावर बोट टेकवलं, तेव्हा कुठं छाती हलकी झाली. चहा पिऊन परततोय तर लेक तिथंच उभी. “आबा, एवढं झ्याक चित्र आन् गालावर डाग? आई वरडली असती की!” तिनं काळं बोट दाखवलं. “पुसला बघा.” मी डबी उघडेपर्यंत तिनं हेल्मेटची काच खाली ओढली होती.