जागा समितीने सांगायची

"बोला ताई, कुठे पाडायचं भोक?" इंजिनियरने विचारलं आणि सगळे शिवणवाल्या बाईकडे बघायला लागले.

रस्ता नवाकोरा होता. दवाखान्यापर्यंत चढत जाणारा, काँक्रीटचा, अगदी चकचकीत. पण वरून काय, काहीही चकचकीत करता येतं. आत किती जाडी आहे ते बघायचं तर मशीनने भोक पाडून आतला गोल तुकडा बाहेर काढावा लागतो. ती जागा इंजिनियरने ठरवायची नाही, कंत्राटदाराने तर नाहीच नाही. नागरिक समितीने ठरवायची. तुकडा जाडीला कमी भरला तर बिल थांबतं आणि रस्ता फोडून पुन्हा करावा लागतो. हा नियम समितीने भांडून भांडून मिळवला होता, आणि सगळ्यात जास्त भांडली होती ती हीच बाई. आज जागा दाखवायची पाळी तिची होती, तर तिचं बोट उठत नव्हतं.

कारण खडू घेऊन उभा होता तिचा धाकटा दीर. कंत्राटदाराचा मुकादम.

खडू मुद्दामच त्याच्या हातात दिला होता. एवढी माणसं रिकामी उभी होती, पण नाही. "तुमचे भाऊजीच मारतील फुली," कंत्राटदार हसत म्हणाला. "म्हणजे घरच्या घरी झालं. पुढच्या कामावरही यांनाच ठेवायचं म्हणतोय मी. घरात पाळणा हलणार आहे ना आता? मग!"

हलणार होता. जाऊबाईचे दिवस भरत आले होते.

परवा जेवताना दीर अर्ध्या ताटावरून उठला होता. ती मागोमाग मोरीपाशी गेली, तर हात धुता धुता खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, वळणावर खालचा थर टाकलाच नाही. मालक म्हणाले वरून सारखं करा, केलं मी. तिथून ॲम्ब्युलन्स जाणार उद्या." एवढंच. तेव्हापासून दोघं घरात एकमेकांची नजर चुकवत होते.

आता वळणावर फुली मारा म्हटलं, की ही बातमी कुठल्या ताटावरून आली ते कंत्राटदाराला कळायला वेळ लागणार नव्हता. आणि नाही म्हटलं तर? तर मग कशाला ती समिती आणि कशाला ती भांडणं! जळलं मेलं ते समितीपण, असं झालं तिला.

"उन्हात उभं केलंत की हो सगळ्यांना," समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमन, कुरकुरले. "दाखवा बोट, होऊन जाऊ दे एकदाचं."

ती चालायला लागली. मागे सगळी वरात. वळण आलं. दिराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्याची मूठ खडूवर घट्ट आवळलेली होती आणि नजर खाली, रस्त्यावर.

ती थांबली नाही. वळण ओलांडून सरळ पुढे गेली, सपाट भागावर उभी राहिली आणि पायाशी बोट दाखवलं. "इथे."

"वा ताई! उत्तम जागा," कंत्राटदार म्हणाला. ते 'वा' तिला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

पण फुली मारायला कोणी पुढे येईचना. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. दीर वळणावरच राहिला होता. तो उकिडवा बसला आणि रस्त्यावर भली मोठी फुली मारली. एकदा मारून भागलं नाही, पुन्हा गिरवली.

"अरे ए, डोकं फिरलं का तुझं?" कंत्राटदार ओरडला. "बाई इकडे उभ्या आहेत!"

"काम मी केलंय," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "भोक इथे पाडा."

"असं कसं? साहेब, जागा समितीने सांगायची. मुकादमाने नाही. नियम आहे!" ज्या नियमाला कंत्राटदाराने इतके दिवस शिव्या घातल्या, तोच आता त्याच्या कामी आला होता.

इंजिनियरने घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त लवकर सुटायचं होतं. "नियम आहे खरा. ताई, तुम्हीच सांगा. समितीची जागा कुठली?"

पोस्टमनकाका एकदा तिच्याकडे, एकदा फुलीकडे बघत राहिले. दिराने मान वर करून तिच्याकडे बघितलं, परवापासून पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

रडूच फुटायचं बाकी होतं तिला. ज्याचं सगळं जाणार होतं तो घाबरला नाही, आणि आपण घाबरलो. ती आली तशी परत फिरली, वळणावर आली आणि दिराच्या शेजारी उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "समितीची जागा ही. आणा मशीन."

मशीन आलं. कंत्राटदार दिराच्या अगदी कानाशी गेला, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू, मालक."

मशीन तापू नये म्हणून पाण्याची धार धरायला एक माणूस लागतो. कंत्राटदाराच्या माणसांतलं कोणीच पुढे होईना. दिराने बाह्या वर सारल्या.

"वहिनी, जरा मागे सरा, अंगावर उडेल," म्हणाला आणि नळी उचलली.